वेब-माध्यमांसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर

वेबवरील चित्रफिती, ध्वनी, अ‍ॅनिमेशन आणि खेळ तयार करणारी वा चालवणारी, सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ लिखित मजकूर) खुला असलेली सॉफ्टवेअरे. ती कोणालाही तपासता, बदलता आणि पुन्हा वाटता येतात. फ्लॅश (वेबसाठी अ‍ॅनिमेशन व खेळ बनवण्याचे आणि प्लेअरवर ते चालवण्याचे सॉफ्टवेअर) यासारख्या एकाच कंपनीच्या ताब्यातील साधनांना पर्याय म्हणून त्यांना महत्त्व आले. मुंबईत त्यांचा विचारपूर्वक वापर झाला तो शिक्षणसंस्थांत आणि चित्रफितींच्या संग्रहांत.

फ्लॅश १९९६ च्या अखेरीस मॅक्रोमीडियाकडे आणि २००५ मध्ये अ‍ॅडोबीकडे आले. प्लेअर मोफत मिळे, पण कोड बंद होता. तो किती काळ चालवायचा हे कंपनीच्या हाती राहिले. २०१७ मध्ये अ‍ॅडोबीने निवृत्तीची घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० ला प्लेअरची देखभाल थांबवली आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फ्लॅश फाइली चालवणेच बंद केले. मराठीचा तोटा त्याच्याही आधीपासूनचा. देवनागरीसारख्या लिप्यांची नीट मांडणी करणारे टेक्स्ट इंजिन फ्लॅश प्लेअरमध्ये २००८ साली, दहाव्या आवृत्तीत आले. तोवर जोडाक्षरे तुटू नयेत म्हणून मजकूर अनेकदा चित्र करून बसवला जाई. असा मजकूर ना शोधता येतो, ना कॉपी करता येतो.

ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा ग्नॅश, लाइटस्पार्क, फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचा शमवे हे फ्लॅश फाइली चालवणारे खुले प्लेअर. त्यांपैकी कोणीही मूळ प्लेअरची पूर्ण जागा घेतली नाही. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला रफल हा प्लेअर मात्र वेबअसेम्ब्लीच्या (ब्राउझरमध्ये प्रोग्रॅम वेगाने चालवण्याच्या तंत्राच्या) आधारे थेट ब्राउझरमध्ये चालतो; इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रहालयाने नोव्हेंबर २०२० पासून जुने फ्लॅश खेळ त्यावरच दाखवायला सुरुवात केली.

खरा पालट खुल्या फॉरमॅटांनी घडवला. थिओरा, २०१० चे वेबएम आणि २०१८ चे एव्ही१ या चित्रफितींच्या फॉरमॅटांच्या वापरासाठी स्वामित्वशुल्क द्यावे लागत नाही. वेबपाने लिहिण्याच्या भाषेची आवृत्ती असलेल्या एचटीएमएल५ ला २०१४ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत मान्यता मिळाली आणि चित्रफितीसाठी ब्राउझरला वेगळा प्लगइन (जोडप्रोग्रॅम) लागेनासा झाला. एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात रूपांतर करणारे, २००० साली सुरू झालेले एफएफएमपेग हा या साऱ्या व्यवहाराचा कणा आहे.

मुंबईतले सर्वांत मोलाचे उदाहरण पॅड.मा या संग्रहाचे. मजलिस, पॉइंट ऑफ व्ह्यू व कॅम्प या मुंबईतील संस्थांनी बंगळूर आणि बर्लिनमधील गटांसह तो २००८ मध्ये खुला केला. पूर्ण चित्रपटांपेक्षा येथे भर आहे तो न जुळवलेल्या फूटेजवर, म्हणजे संकलनाच्या टेबलावर एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या भागावर. प्रत्येक क्षणाला जोडून संवाद, वर्णन व टिपा लिहिता येतात आणि शब्दावरून थेट त्या दृश्यापाशी पोहोचता येते. त्यामागची पॅन्डोरा ही प्रणालीही मुक्तस्रोत आहे.

पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प उभा राहिला. आधी संहिता लिहायची, मग पडद्याचे चित्रण करायचे आणि त्याच चित्रणावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज चढवायचा, अशी त्याची रीत. आवाजाच्या संपादनासाठी ऑडॅसिटी हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरले जाते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या क्लिक्स या शालेय उपक्रमानेही मुक्तस्रोत साधनेच निवडली. त्याची प्रणाली मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात घडली.

उणीव राहिली आहे ती निर्मितीच्या साधनांत. चित्र काढणे, ते हलवणे आणि त्याला प्रोग्रॅम जोडणे हे फ्लॅशमध्ये एकाच खिडकीत होई. रेखाचित्रांसाठी इंकस्केप, द्विमितीय अ‍ॅनिमेशनसाठी सिनफिग व ओपनटून्झ आणि त्रिमितीय कामासाठी ब्लेंडर ही मुक्तस्रोत साधने आपापल्या कामात समर्थ आहेत, पण एकाकडून दुसऱ्याकडे फाइल नेताना कष्ट पडतात. जुने फ्लॅश धडे जपणाऱ्या शाळांनी व संस्थांनी त्यांची नुसती चित्रफीत करून ठेवू नये, कारण क्लिक करून उत्तर देण्याची सोय त्यात नाहीशी होते. मूळ फाइल राखून ती रफलवर चालवून पाहावी.