ट्यूब लावताना अर्ध्या तासाची वीज जाते का?

‘ट्यूबलाईट पेटायला अर्ध्या तासाइतकी वीज खाते, म्हणून ती चालूच ठेवा’ हा मेसेज सांगलीतल्या घराघरांत आणि विट्याच्या यंत्रमाग शेडमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. पेटताना ट्यूब लुकलुकते, चोक गुणगुणतो. असं वाटणं साहजिक आहे.

नळीत कमी दाबाचा अरगॉन आणि किंचित पारा असतो. थंड वायूतून वीज सहजी जात नाही. म्हणून स्टार्टर आधी दोन्ही टोकांच्या तारा तापवतो. मग त्याचा संपर्क सुटतो, त्याच क्षणी चोक जादा व्होल्टेजचा धक्का देतो आणि वायूतून प्रवाह सुरू होतो. या दोन-तीन सेकंदांतही प्रवाहाला चोकचा लगाम असतोच. प्रवाह फार तर दुप्पट होतो. म्हणजे जादा खर्च मोजून काही सेकंदांच्या उजेडाइतका.

खात्री घरीच करा. बाकी सगळं बंद ठेवून मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. मीटरवर युनिटला 3200 पल्स छापलेले असतील, तर चोकसकट 50 वॅटच्या ट्यूबला साधारण 22 सेकंदांनी एक लुकलुक येते, अर्ध्या तासात 80. पेटताना 80 वेळा लुकलुकतो का, मोजा.

सारखी चालू-बंद केल्यानं मात्र टोकांच्या तारांवरचा लेप खरोखर झिजतो आणि टोकं काळी पडतात. त्यामुळे दोन मिनिटांसाठी राहू द्या. जेवणाच्या सुट्टीत शेडमधली अख्खी रांग बिनधास्त बंद करा.