कूलर बदलायच्या आधी एवढं वाचा

होळी झाली की नागपुरात गच्चीवरचे, माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि आमच्या दुकानात दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "भाऊ, जुना काही चालत नाही, नवाच दाखवा." नवे कूलर आम्ही विकतोही. पण आधी जुना बघू द्या, हा आमचा आग्रह. त्यामागे तुमच्या पैशाचा हिशेब आहे, तसा धुराचाही आहे.

पत्र्याच्या मोठ्या डेझर्ट कूलरची पेटी स्टँडसकट पंचवीसेक किलोची धरा. आपल्या देशात एक किलो पोलाद तयार होताना साधारण अडीच किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण खनिजातून लोखंड सोडवायला मुख्यतः कोळसाच जाळतात. म्हणजे कूलर घरी येण्याआधीच त्याच्या नावावर साठेक किलो चढलेले असतात. पेटी चार वर्षांत सडली तर वर्षाला १५ किलो पडले. बारा वर्षं टिकली तर पाचच.

आता विजेचं बघा. २०० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर दिवसाला दोन युनिट, नव्वद दिवसांच्या उन्हाळ्यात १८०. आपल्याकडे एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. आपल्या शेजारची कोराडी आणि खापरखेडा ही दोन्ही केंद्रं कोळशावरच चालतात. एका हंगामाचे झाले सव्वाशे किलो. म्हणजे पेटी बनवण्यापेक्षा कूलर चालवण्याचा भार मोठा. म्हणून जुनं सगळंच धरून बसा, असं आम्ही सांगणार नाही. पेटी जपा, मोटर मात्र पारखून घ्या. (दीड टनाच्या एसीपुढे कूलर तरीही गरीबच. तो पाणी उडवून गारवा देतो, त्यात गॅस नाही. काही एसींमध्ये असलेला आर-४१०ए गॅस किलोभर गळला, तर हवामानाला तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका पडतो.)

पेटी कुठून सडते

पेटी आधी टाकीत सडते. पाण्याची रेघ जिथे रोज वरखाली होते तिथे, आणि तळाच्या कोपऱ्यात जिथे गाळ बसतो तिथे. पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो आधी स्वतः झिजतो आणि तोवर लोखंडाला वाचवतो. थर संपला की तांबूस ठिपके दिसतात. त्याच वेळी कूलर आणला तर घासून, कोरडा करून आतून डांबरी काळा रंग मारता येतो. भोक पडल्यावर आणला तर तळ कापून नवा पत्रा बसवावा लागतो. तेही आम्ही करतो, पण मग खर्च वाढतो.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ते ताट्यांवर, म्हणजे कूलरच्या बाजूंना पाण्याने भिजणाऱ्या जाळ्यांवर, पांढरे थर धरतात, पंपाची जाळी बुजवतात आणि मग पंप जळतो. शिवाय टाकी कोरडी झाली की डेंग्यूच्या डासांच्या अळ्याही राहत नाहीत. पाऊस लागल्यावर कूलर ओलाच झाकून ठेवणं ही सगळ्यांत वाईट सवय. मेणकापड गुंडाळण्याआधी दोन दिवस त्याला ऊन दाखवा.

"मोटर गेली" म्हणजे काय गेलं?

पंखा नुसता घूं घूं करतो, काडीने ढकलला की फिरतो. असं असेल तर मोटर बहुधा शाबूत असते, कंडेन्सर गेलेला असतो. अंगठ्याएवढी ती डबी, अडीच किंवा चार एमएफडीची (हे माप डबीवरच लिहिलेलं असतं), पाच मिनिटांत बदलते. पंखा हाताने फिरवतानाच जड लागत असेल तर बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, सुकलेत किंवा झिजलेत. त्यावरही इलाज आहे. जळका वास आला आणि वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेचे वेढे, काळं पडलं असेल, तरच मोटर खरी गेली.

तांब्याची मोटर आम्ही नीट रिवाइंड करतो, म्हणजे जळकी तार काढून नवी भरतो, तेवढ्याच गेजची तार आणि तेवढेच फेरे घालून. बारीक तार घालून स्वस्तात करून देणारे भेटतील. ती मोटर तापते, वीज जास्त खाते आणि नवतप्याच्या ऐन उन्हात दगा देते. ॲल्युमिनियम वाइंडिंगची मोटर जळली तर आम्ही ती पुन्हा भरत नाही, बदलाच म्हणतो. तसंच दोन-तीनदा भरून झालेल्या मोटरचं. २०० वॅटच्या जागी तेवढीच हवा देणारी १४० वॅटची मोटर बसली, तर हंगामाला ५४ युनिट वाचतात, म्हणजे ३८ किलो धूर कमी. पेटी आठ वर्षं जास्त टिकवून वर्षाला दहा किलो वाचत होते, ते आठवा. छताच्या पंख्यालाही हेच लागू आहे. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, तिशीच्या आसपास.

आणि अर्थिंग

कूलर दुरुस्त करून नेलात आणि दोन पिनांच्या प्लगवर लावलात, तर आमची मेहनत गेली चुलीत. ओला पत्रा आणि गळका करंट दरवर्षी माणसं मारतो. तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवंच. पाणी भरताना बटण नव्हे, प्लग काढा.

जुन्याचं काय होतं

बदललेला भाग तुमचा आहे, हवा तर घेऊन जा. आमच्याकडे ठेवलात तर त्याची किंमत बिलातून वजा होते. चांगले पंखे, जाळ्या, स्टँड आम्ही दुसऱ्या कूलरला वापरतो, बिलावर "वापरलेला" असं लिहून. उरलेलं तांबं आणि ॲल्युमिनियम वितळवायला जातं. जुनं ॲल्युमिनियम वितळवताना नव्याच्या मानाने ९५ टक्के ऊर्जा वाचते, तांब्यातही बरीच. तार जाळून तांबं काढणाऱ्या कबाड्याला मात्र मोटर देऊ नका, तो धूर गल्लीतल्या पोरांच्या छातीत जातो. वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक काड्यांच्या) जुन्या ताट्यांची प्लास्टिकची जाळी काढून आतलं लाकडी गवत झाडांच्या बुडाशी पसरा, भांडेवाडीच्या कचरा डेपोला पाठवायची गरज नाही.

कंपनीचा कूलर असेल तर विकत घेतानाच सुटे भाग मिळतील का ते विचारा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू केलं आहे. त्यावर बऱ्याच कंपन्यांची दुरुस्तीची माहिती मिळते.

दुकानात येताना अख्खा कूलर आणू नका. मोटर पंख्यासकट काढून आणा, पाती वाकू देऊ नका आणि वायरी कुठे जोडल्या होत्या त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. टाकीचं काम असेल तर आम्हीच घरी येतो. फेब्रुवारीत सांगितलंत तर दोन दिवसांत होतं, एप्रिलमध्ये रांग लागते.