बायान म्हणजे फक्त नाचगाण्याचं वाद्य?

बायान हा रशियन अकॉर्डियन, म्हणजे हातात धरून भात्यावर वाजवायचं वाद्य. ते खेड्यातल्या लग्नात नाचाला साथ करणारं वाद्य, गंभीर संगीत त्याच्या आवाक्यातलं नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. बायानवादक फ्रिडरिश लिप्स यांची कारकीर्दच बघा.

लिप्स १९४८ साली उरल भागातल्या येमान्झेलिन्स्कमध्ये जन्मले. त्यांचं वाद्य बायान, म्हणजे दोन्ही बाजूंना बटणं असलेला अकॉर्डियन. १९६९ मध्ये त्यांनी पूर्व जर्मनीतल्या क्लिंगेन्थालची अकॉर्डियन स्पर्धा जिंकली. पुढे मॉस्कोच्या ग्नेसिन संगीत संस्थेत अनेक वर्षं शिकवलं.

पण माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा १९७८ चा. त्या वर्षी संगीतकार सोफिया गुबायदुलिना यांनी लिप्स यांच्यासाठी 'डी प्रोफुंडिस' ही एकल रचना लिहिली. सुरुवात अगदी खालच्या सुरांत. भाता थरथरतो, सूर घुसमटल्यासारखे कापतात, मग हळूहळू वर चढू लागतात. मध्येच हवेचं बटण दाबून भाता ओढला जातो, तेव्हा सूर नसतो, नुसता श्वास ऐकू येतो. आपल्या पेटीत एक हात भात्यातच गुंततो. इथे डावा हात भाता ओढता ओढता सुटे स्वरही वाजवतो. १९८२ मध्ये गुबायदुलिनांनी 'सेव्हन वर्ड्स' या रचनेत बायानला चेलो या तंतुवाद्याच्या बरोबरीनं बसवलं.