पेटवण्याआधी विचारायचे कोणी? सार्वजनिक धूम्रपानबंदीची पार्श्वभूमी

बसस्थानकात, मोंढ्याच्या बाजारात किंवा लग्नाच्या मांडवात कोणी बिडी-सिगारेट पेटवली आणि शेजारच्याने नाकाला रुमाल लावला, की पुढचे वाक्य ठरलेले असते: ‘माझा पैसा, माझी छाती, तुझे काय जाते?’ मराठवाड्यात हे वाक्य क्वचितच उच्चारावे लागते, कारण तिथवर वेळच येत नाही. शेजारचा गप्प बसतो, सरकून बसतो, उठून जातो. ओढणारा वयाने मोठा असतो, पाहुणा असतो, सोयरा असतो किंवा साहेब असतो.

सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान म्हटले की व्यक्तिस्वातंत्र्य विरुद्ध आरोग्य अशी मांडणी होते. ती चूक नाही, पण अपुरी आहे. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांतले कायदे एकापुढे एक ठेवून वाचले, तर त्यांत एक वेगळाच प्रश्न सारखा कूस बदलताना दिसतो. तोंड कोणी उघडायचे? ओढणाऱ्याने आधी विचारायचे, की ज्याला त्रास होतो त्याने हरकत घ्यायची? ज्या भागात कोणी कोणासमोर बोलायचे हे वय, नाते, जात आणि पद ठरवते, तिथे सगळे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

तंबाखू पोर्तुगिजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमार्गे उत्तरेत गेली. अकबराचा दरबारी असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने आदिलशाहीतली तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. नळदुर्ग तेव्हा त्याच आदिलशाहीत होता, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या परिसरात हे व्यसन दिल्ली-आग्र्याच्याही आधी पोचले असणार. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने अडवले, आणि या नव्या पानाचे गुण कोणत्या वैद्यकग्रंथात लिहिले आहेत यावर दरबारात वाद झाला. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली. ती टिकली नाही. मात्र बंदीचे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे: तंबाखूने लोकांच्या प्रकृतीवर आणि स्वभावावर वाईट परिणाम होतो. सारी चिंता ओढणाऱ्याच्या देहाची. शेजारी बसून तोच धूर आत घेणारा माणूस त्या वादात कुठेच नाही, आणि पुढची जवळजवळ साडेतीनशे वर्षे आरोग्याच्या वादात तो कुठेच नव्हता.

मराठवाड्यात तंबाखूला नकार देणारी एक जुनी परंपरा नांदेडात आहे. १६९९ मध्ये स्थापन झालेल्या खालसा पंथात तंबाखू पूर्ण वर्ज्य आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला विसावले, आणि हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात हा नियम दंडाच्या पावतीवाचून पाळला जात आला. गावोगावच्या हरिनाम सप्ताहातही कीर्तन रंगात असताना मांडवात कोणी काडी ओढत नाही. म्हणजे ‘इथे नको’ हे आपल्याला अवघड कधीच नव्हते. जागा देवाची असली की आपसूक कळते. जागा माणसांची असली की कळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गावातली चाल समजून घेतल्याशिवाय पुढचे कायदे का फसले ते उमगत नाही. चिलीम, बिडी, चंची या वस्तू वाटून घ्यायच्या. दुसऱ्याच्या बिडीवरून आपली पेटवायची, पाराशी बसल्यावर चंची सोडायची, आल्या-गेल्याला ‘घ्या’ म्हणायचे. नकार दिला तर मन दुखावते. त्याच वेळी पोरगा बापासमोर ओढत नाही. बाप दिसला की बिडी मुठीत विझते, चटका बसला तरी. या मानाचे मला कौतुक आहे, पण तो एकाच दिशेने वाहतो. धाकटा थोरल्यासमोर विझवतो, थोरल्याने धाकट्यासमोर विझवावी असा नियम नाही. ओसरीवर आजोबा ओढत बसतात, मांडीवर नातू असतो, आत चुलीपाशी सून खोकते. ती काही बोलेल का? तिने बोलावे अशी सोयच त्या घरात नसते.

आता कायद्याकडे. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १८९० च्या रेल्वे कायद्यात एक कलम होते. धूम्रपानासाठी राखून ठेवलेल्या डब्याखेरीज इतर डब्यात, सहप्रवाशांची संमती न घेता ओढणाऱ्याला वीस रुपयांपर्यंत दंड. त्या काळी वीस रुपये ही थोडी रक्कम नव्हती. पण मला दंडापेक्षा ‘संमती’ महत्त्वाची वाटते. ओढायची असेल तर विचारायचे ओढणाऱ्याने, आणि समोरचा गप्प बसला म्हणजे त्याने होकार दिला असे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या साहेबी शिष्टाचारातून आलेला तो नियम होता, तिसऱ्या वर्गात खचाखच भरलेल्या माणसांसाठी तो घडवलेला नव्हता, आणि तिथे तो कधी पाळला गेला असे जुन्या माणसांच्या बोलण्यातून जाणवत नाही. तरी त्याची नैतिक बाजू सरळ होती.

शंभर वर्षांनी, १९८९ च्या रेल्वे कायद्यात, हे कलम नव्याने लिहिले गेले. डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली, तर ओढू नये. दंड शंभर रुपयांपर्यंत. गाडीत सरसकट बंदी घालण्याचा अधिकार रेल्वे प्रशासनाला दिला, हे खरे. पण मूळ नियमात भार उलटला. आधी ओढणाऱ्याने विचारायचे होते, आता त्रास होणाऱ्याने बोलायचे. मनमाड-काचीगुडा मीटरगेजवर लेकराला घेऊन माहेरी निघालेली बाई समोरच्या पागोटेवाल्या बुवांना ‘बिडी विझवा’ कधी म्हणणार होती? हरकतीवर उभा असलेला कायदा, ज्यांना हरकत घेता येते त्यांच्याच कामाचा.

मधल्या काळात मराठवाडा निजामाच्या राज्यातून बाहेर पडला होता. १९३० मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या वझीर सुलतान तंबाखू कंपनीची चारमिनार सिगारेट इथल्या बाजारात घट्ट रुजली होती. शिकलेल्याच्या खिशात चारमिनार, कष्टकऱ्याच्या कानावर बिडी, अशी विभागणी आमच्या आधीच्या पिढीने पाहिली. १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे मुंबई पोलीस कायदा, १९५१ इथेही लागू झाला. त्याच्या कलम ११६ प्रमाणे न्यायालय, पोलीस ठाणे, सरकारी इमारत इथे सूचना लावलेली असेल, तर तिथे धूम्रपान करणे आणि थुंकणे हा गुन्हा. इथे बोलण्याचे काम माणसाकडून काढून पाटीकडे दिले. कल्पना चांगली होती. पण पाटी लावायची की नाही हे कार्यालयप्रमुखाच्या हाती, आणि तोच टेबलावर रक्षापात्र ठेवून बसलेला.

तोवर जगात विज्ञान पुढे गेले होते. १९५० मध्ये ब्रिटनमधल्या रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याचा, तेच सांगणारा अहवाल आला. आपल्याकडे १९७५ मध्ये सिगारेट कायदा झाला आणि पाकिटावर वैधानिक इशारा छापला जाऊ लागला. बिडी त्यातून वगळली. बिडीवर लाखो गरीब घरांचे पोट होते. किनवट-माहूरच्या जंगलात तेंदूपाने तोडणाऱ्या हातांनाही त्यातूनच चार पैसे मिळत. ही बाजू खोटी नाही. पण परिणाम असा झाला, की सिगारेट ओढणाऱ्या मास्तरला सरकारने धोका सांगितला आणि बिडी ओढणाऱ्या सालगड्याला पुढची जवळजवळ तीस वर्षे सांगितला नाही.

वादाला खरे वळण मिळाले ते १९८१ मध्ये. जपानमधल्या ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची माहिती प्रसिद्ध केली. ज्यांचे नवरे खूप सिगारेट ओढत, त्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक होते. तंबाखू उद्योगाने या अभ्यासावर पुष्कळ हल्ले चढवले, पण इतर देशांतले अभ्यास त्याच दिशेने गेले. ‘माझी छाती’ या युक्तिवादाचा पाया इथे निखळला. अकबराच्या दरबारापासून वादाबाहेर राहिलेला शेजारी प्रथमच आत आला, आणि तो शेजारी म्हणजे घरातलीच बाई होती. आजही हा अभ्यास आठवला की मला चुलीपाशी खोकणारी ती सून आठवते.

१२ जुलै १९९९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान घटनाबाह्य ठरवले. घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क न ओढणाऱ्यालाही आहे, दुसऱ्याच्या धुराने तो हिरावला जातो, आणि असे धूम्रपान म्हणजे सार्वजनिक उपद्रव आहे, असे न्यायालयाने म्हटले. कारवाईची जबाबदारी पोलिसांवर टाकली. मग मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभरासाठी आदेश दिला. सभागृहे, रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने इथे बंदी. केवळ सार्वजनिक ठिकाणी जावे लागते म्हणून न ओढणाऱ्याने आजार का ओढवून घ्यावेत, हा त्यामागचा प्रश्न. संमती आणि हरकत, दोन्ही एका फटक्यात निकालात निघाली. आता शेजारी गप्प बसला तरी चालणार होते.

२००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा याच पायावर उभा राहिला आणि त्यात बिडीही आली. कलम ४ मध्ये सार्वजनिक ठिकाणी बंदी, दंड दोनशे रुपयांपर्यंत. २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. ते रोखावेत म्हणून सिगारेट कंपनी आणि हॉटेलचालक सर्वोच्च न्यायालयात गेले होते, पण स्थगिती मिळाली नाही. नव्या नियमांनी कामाची ठिकाणे, चित्रपटगृहे, रेल्वे स्थानके, बसथांबे सगळे कक्षेत घेतले. पाटीचे मापसुद्धा ठरवले: साठ सेंटिमीटर बाय तीस. गावचा पार, रस्ता, शेत यांचा मात्र त्यात नावाने उल्लेख नाही.

स्वातंत्र्याचा मुद्दा मांडणाऱ्यांचे एक गाऱ्हाणे मला रास्त वाटते. तीस खोल्यांचे हॉटेल, तीस आसनांचे उपाहारगृह किंवा विमानतळ असेल, तर कायदा धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवू देतो. मोंढ्यात शंभर किलोची पोती वाहणाऱ्या हमालाला कामाच्या ठिकाणी अशी खोली कोण देणार? त्याला पावती, आणि विमानाने उडणाऱ्याला वेगळी खोली. स्वातंत्र्य खिसा बघून मिळत असेल तर त्यावर बोललेच पाहिजे. उपाय मात्र हमालाला खोली देण्याचा नाही. हॉटेलातली खोलीही बंद व्हावी, कारण तिथे पेले उचलणारा पोरगा तोच धूर घेत असतो आणि त्याला हरकत घेण्याची मुभा नसते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२१ च्या सुरुवातीला दुरुस्तीचा जो मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात या खोल्या काढण्याचा आणि दंड दोन हजारांवर नेण्याचा प्रस्ताव होता. तेव्हा त्याचा कायदा झाला नाही.

बाईने सिगारेट ओढली तर आपल्याकडे जो गहजब होतो, त्याचा या कायद्याशी काडीचा संबंध नाही, हेही इथेच नोंदवतो. तिथे कोणाला धूर टोचत नाही, बाई टोचते. सार्वजनिक बंदीचा न्याय्य आधार एकच: दुसऱ्याच्या श्वासात जाणारा धूर. संस्कृतीरक्षणासाठी हे कलम वापरले तर स्वातंत्र्याची ओरड खरी ठरेल.

आकडे पाहिले तर महाराष्ट्रात धूम्रपान तुलनेने कमी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात ओढणारे ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के, काही जण दोन्हींत. आपले मुख्य दुखणे चुना-तंबाखूचे आहे. म्हणून काही जण म्हणतात, एवढ्या थोड्या लोकांसाठी एवढा कायदा कशाला? पण खोलीत ओढणारा एक असला तरी धूर सगळ्यांच्या वाट्याला येतो. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आणली. पानपट्टीवर ती किती पाळली जाते, हे कोणत्याही तालुक्याच्या फाट्यावर दहा मिनिटे उभे राहिले तरी कळते.

२००८ च्या नियमांतली एक तरतूद मात्र फार थोड्यांना माहीत आहे. पाटी लावलेल्या जागी तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचे नाव लावणे बंधनकारक आहे. दंड करण्याचे अधिकार आपापल्या आवारापुरते शाळेच्या मुख्याध्यापकांना, स्टेशनमास्तरांना, पोस्टमास्तरांना दिलेले आहेत. दुसऱ्याच्या धुराकडे दुर्लक्ष करणाऱ्या जागेच्या चालकालाही तितकाच दंड होऊ शकतो. पण गावातल्या मुख्याध्यापकाने शाळेच्या पटांगणात बिडी ओढणाऱ्या सरपंचाच्या चुलत्याला दोनशेची पावती कशी फाडायची? त्यालाही त्याच गावात राहायचे असते. मी पाहिलेल्या बहुतेक तहसील कार्यालयांत, बँकांत, दवाखान्यांत बंदीची पाटी आहे आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव नाही. ते नाव परगावच्या, बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याचे असावे, खाली त्याचा फोन नंबर असावा, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव त्याने कोणाला सांगू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरेल.