जीवनसत्त्व-न्यूनता आणि प्रायोगिक प्राण्यांच्या अंतःस्रावी ग्रंथी

आहारातून एखादे जीवनसत्त्व वगळल्यास प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या हॉर्मोने स्रवणाऱ्या ग्रंथींचे आकारमान, रचना आणि कार्य बदलते. हे बदल सर्व ग्रंथींत सारखे नसतात. त्यांतील किती जीवनसत्त्वाच्या अभावामुळे आणि किती निव्वळ उपासमारीमुळे झाले, हे ठरवणे या विषयातील सर्वांत कठीण काम आहे.

विषयाची सुरुवात पांढऱ्या तांदळापासून झाली. जावा बेटावर डच वैद्य ख्रिस्तिआन आइकमन यांना १८९० च्या दशकात असे आढळले, की पॉलिश केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिल्यावर त्या बऱ्या होतात. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी-त्र्यंबकेश्वर पट्ट्यातला भात घोटीच्या गिरण्यांत भरडून पॉलिश होतो, तेव्हा दाण्यावरून निघणाऱ्या कोंड्याबरोबर बहुतांश थायमिनही (ब१ जीवनसत्त्व) निघून जाते. हातसडीच्या तांदळात ते बऱ्याच प्रमाणात टिकते. १९१९ च्या सुमारास ब्रिटिश वैद्य रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे अशाच पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कबुतरांच्या ग्रंथी वजन करून पाहिल्या. वृषण, अंडाशय, यौवनलोपी ग्रंथी (थायमस) आणि अवटू ग्रंथी (थायरॉइड) रोडावल्या होत्या, मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी (अ‍ॅड्रिनल) मात्र वाढली होती.

अधिवृक्क ग्रंथीचे हे वेगळेपण क जीवनसत्त्वाच्या बाबतीत सर्वाधिक स्पष्ट दिसते. त्यासाठी गिनीपिग निवडतात, कारण हे जीवनसत्त्व बनवणाऱ्या साखळीतले शेवटचे एंझाइम माणसाप्रमाणेच त्याच्याजवळ नसते. उंदराजवळ ते असते, म्हणून उंदीर या कामी निरुपयोगी. शरीरात या जीवनसत्त्वाचा सर्वाधिक दाट साठा असलेल्या अवयवांत अधिवृक्क ग्रंथी येते, आणि हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये ते याच ग्रंथीतून वेगळे केले. निरोगी गिनीपिगच्या ग्रंथीचा छेद आम्लयुक्त सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला की त्यातील क जीवनसत्त्वामुळे काळा पडतो. स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) झालेल्या प्राण्याचा छेद फिकट राहतो, आणि ग्रंथी मोठी होऊन तिच्यात रक्तस्राव झालेला दिसतो.

पँटोथेनिक आम्लाच्या (ब गटातील जीवनसत्त्व) अभावी उंदरांच्या अधिवृक्क बाह्यकात (ग्रंथीच्या बाहेरच्या थरात) रक्तस्राव आणि पेशीनाश होतो. येथे कारण बरेच उलगडले आहे: या आम्लापासून सहएंझाइम-ए बनते आणि त्याच्याविना कोलेस्टेरॉल व पुढची स्टेरॉइड हॉर्मोने तयार होण्यात अडथळा येतो.

ई जीवनसत्त्वाच्या अभावी नर उंदरांच्या वृषणातील शुक्रजनक ऊतीची हानी होते आणि ती पुढे भरून निघत नाही. ड जीवनसत्त्व कमी पडले की रक्तातील कॅल्शियम घटते आणि परावटू ग्रंथी (पॅराथायरॉइड) त्याला उत्तर म्हणून वाढतात. नाशिक परिसरातील बंदिस्त शेडमधल्या कोंबड्यांना ऊन मिळत नाही, म्हणूनच त्यांच्या खाद्यात ड३ मिसळावे लागते.

थायमिनविना प्राण्याची भूक मरते, त्यामुळे तो उपाशीही असतो. मॅककॅरिसन यांनाच उपाशी कबुतरांत जवळपास तसेच बदल आढळले होते. यावर तोडगा म्हणून जोडीचा आहार देतात: न्यूनताग्रस्त प्राण्याने एका दिवशी जेवढे खाल्ले, तेवढेच अन्न जीवनसत्त्वासह त्याच्या जोडीदाराला दुसऱ्या दिवशी दिले जाते. थायमिनहीन मादी उंदरांचे मदचक्र (माजावर येण्याचे चक्र) थांबते, पण कमी खाणाऱ्या जोडीदार माद्यांचेही विस्कळीत होते. म्हणून हा सगळा परिणाम थायमिनच्या खात्यावर टाकता येत नाही.