इंजिन तेलाची श्यानता : डिझेल मोटारी व मोटारहोम

डिझेल इंजिनात घालायचे वंगण तेल किती घट्ट किंवा किती पातळ असावे, हे त्याच्या श्यानतेवरून ठरते. श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध. तेल तापले की श्यानता झपाट्याने घटते आणि तेलाच्या निवडीतली सगळी अडचण या एका गुणधर्मातून उद्भवते. नेहमीच्या १५डब्ल्यू-४० तेलाची श्यानता ४०° से. तापमानाला सुमारे ११० चौ. मिमी. प्रति सेकंद असते, ती १००° से.ला १४–१५ पर्यंत उतरते. पहाटे गार इंजिनात पंपाने उचलल्याबरोबर वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचेल इतके पातळ आणि भरलेली गाडी घाट चढत असताना बेअरिंगमधून पिळून निघणार नाही इतके घट्ट, अशी दोन्ही कामे एकाच तेलाने करायची असतात. झोपण्याची, स्वयंपाकाची व पाण्याची सोय असलेल्या मोटारहोममध्ये ही ओढाताण अधिक तीव्र होते, कारण अशी गाडी बहुधा परवानगीच्या कमाल वजनाच्या जवळपासच धावते आणि वर्षातले कित्येक महिने एका जागी उभी असते.

तेलाचा पापुद्रा : फिरत्या क्रँकशाफ्टचा भार बेअरिंगच्या धातूवर थेट पडत नाही, तो तेलाच्या पातळ थरावर तोललेला असतो. ही गोष्ट ब्यूचँप टॉवर यांच्या रेल्वे आसांच्या बेअरिंगवरील प्रयोगांत १८८३ मध्ये जवळजवळ अपघाताने उघड झाली. वंगण सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर त्यातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. भोकात ठोकलेली लाकडी खुंटीसुद्धा तेलाने बाहेर ढकलली. फिरणारा आस स्वतःच तेल अरुंद फटीत ओढून नेतो आणि तिथे मोठा दाब निर्माण करतो, हे त्यावरून कळले. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. या दाबाची मात्रा तेलाच्या श्यानतेवर, फिरण्याच्या वेगावर आणि फटीच्या मापावर अवलंबून असते. तेल गरजेपेक्षा पातळ झाले तर थर तुटून धातूला धातू लागतो. गरजेपेक्षा घट्ट असले तर ते घुसळण्यातच शक्ती खर्च होते, तेल तापते आणि बेअरिंगमधून वाहणारे तेल कमी झाल्याने तिथली उष्णताही नीट वाहून नेली जात नाही. म्हणून फटीचे माप ठरवणाऱ्या अभियंत्यानेच तेलाची श्यानताही ठरवलेली असते, आणि गाडीच्या पुस्तिकेतला ग्रेड हा इंजिनाच्या रचनेचा भाग मानणे योग्य आहे.

ग्रेडचे आकडे : अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स म्हणजेच एसएई या संस्थेने १९११ पासून तेलांचे वर्गीकरण केले, आजचे मानक जे-३०० या नावाने ओळखले जाते. डब्याच्या तोंडावरील ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० या खुणेतील पहिला, डब्ल्यू (विंटर म्हणजे हिवाळा) जोडलेला आकडा थंडीतील वागणूक सांगतो, दुसरा तापलेल्या तेलाची. दुसऱ्या आकड्यासाठी १००° से.ला श्यानता मोजतात : ३० ग्रेडला ती ९.३ ते १२.५, ४० ग्रेडला १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडला १६.३ ते २१.९ चौ. मिमी. प्रति सेकंद या मर्यादांत असावी लागते. म्हणजे ४० हा आकडा एका पट्ट्याचे नाव आहे, आणि दोन कंपन्यांची ४० ग्रेडची तेले बरीच वेगळी निघू शकतात.

पहिल्या आकड्यासाठी दोन चाचण्या असतात. एकीत स्टार्टरने इंजिन फिरवता येईल का हे पाहतात, दुसरीत पंपाला तेल उचलता येईल का हे. पंपाची चाचणी स्टार्टरच्या चाचणीपेक्षा पाच अंश खाली होते : १५डब्ल्यू तेलासाठी अनुक्रमे −२०° व −२५° से., ५डब्ल्यूसाठी −३०° व −३५°, ०डब्ल्यूसाठी −३५° व −४०°. या दुसऱ्या चाचणीचे महत्त्व १९८०–८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील साउथ डकोटा राज्याच्या सू फॉल्स शहरात कळून चुकले. तिथे तेल सावकाश गार होत गेल्याने इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या चेंबरमध्ये गोठून बसले. इंजिने सुरू झाली, पण पंपाला तेल मिळाले नाही आणि ती निकामी झाली. ही तेले तोवरच्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेली होती. त्यानंतर तेल मंद गतीने थंड करून तपासण्याची पद्धत आली.

उष्ण व कातर स्थितीतील श्यानता : डिझेल गाडीच्या मालकाने खरे लक्ष द्यावे असा आकडा डब्याच्या तोंडावर छापलेलाच नसतो. १५०° से. तापमान आणि दर सेकंदाला दहा लाख इतका कातरण्याचा (तेलाचे थर एकमेकांवरून सरकण्याचा) वेग अशा स्थितीत मोजलेली श्यानता बेअरिंगमधील प्रत्यक्ष परिस्थितीशी सर्वांत जवळची असते, आणि ती मिलिपास्कल-सेकंदात सांगतात. जे-३०० नुसार ३० ग्रेडला ती किमान २.९ असावी लागते. ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५ आणि १५डब्ल्यू-४० ला ३.७. आता युरोपीय उत्पादकांच्या एसीईए संघटनेच्या वर्गवारीत सी३ तेलाला किमान ३.५ ची अट आहे, तर सी२ ला २.९ चालते. दोन्ही वर्गांत ५डब्ल्यू-३० तेले मिळतात. म्हणजे एकाच ग्रेडचे दोन डबे शेजारी ठेवले, तर त्यांतले एक तेल इंधन वाचवण्यासाठी पातळ थरावर चालणाऱ्या इंजिनाकरिता आणि दुसरे जड ओझ्याच्या इंजिनाकरिता केलेले असू शकते. फक्त ‘पाच-तीस द्या’ असे दुकानात सांगणे त्यामुळे अपुरे आहे. डब्याच्या मागच्या बाजूला छापलेला एसीईए किंवा एपीआय वर्ग आणि गाडीच्या कंपनीचा मान्यता-क्रमांक वाचल्याशिवाय तेल घेऊ नये. अमेरिकेच्या एपीआय संस्थेनेही डिसेंबर २०१६ पासून जड डिझेल इंजिनांसाठी सीके-४ आणि एफए-४ असे दोन वर्ग वेगळे केले ते याच आकड्यावरून : पहिल्याला किमान ३.५, दुसऱ्याला २.९ ते ३.२. एफए-४ तेल जुन्या इंजिनात ओतणे धोक्याचे आहे.

तेल वापरात बदलते : डिझेल इंजिनात श्यानतेला एकाच वेळी दोन विरुद्ध दिशांनी ओढ बसते. ज्वलनातून आलेली काजळी तेलात साठत जाते आणि ते घट्ट होते; सर्व्हिसनंतर थोड्याच दिवसांत तेल काळे पडते ते या काजळीमुळे, आणि ती तरंगत ठेवणे हे चांगल्या तेलाचे कामच असल्याने काळा रंग बिघाडाचे लक्षण ठरत नाही. उलट, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरले की तेल पातळ होते. काजळी गाळणारा डीपीएफ असलेल्या गाड्यांत हे जास्त घडते. गाळणी भरली की ती जाळून मोकळी करण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत हे ज्वलन अर्ध्यावर तुटले की त्यातले काही डिझेल तेलात मिसळते. गजावरची (डिपस्टिकवरची) तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ‘इंजिन तेल खात नाही’ म्हणून समाधान मानू नये, तेल तातडीने बदलावे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाल्यावर डिझेल मोटारींत डीपीएफ सरसकट आला आणि त्याबरोबर तेलातील राखेचाही प्रश्न आला. तेलातील धातुयुक्त रसायनांची राख गाळणीत कायमची अडकते, म्हणून सी३ वर्गात सल्फेटयुक्त राखेचे प्रमाण ०.८ टक्क्यापर्यंतच चालते. ग्रेड जुळतो म्हणून जुन्या ट्रकसाठीचे राखयुक्त तेल नव्या मोटारीत घातले, तर बेअरिंग टिकेल पण गाळणी तुंबेल.

ग्रेडपलीकडे काय पाहावे लागते याचे ठळक उदाहरण फोक्सवॅगन समूहाच्या पुम्पे-ड्यूझे पद्धतीच्या टीडीआय इंजिनांचे आहे. भारतात ती स्कोडा लॉरामध्ये येत असत. यात प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर कॅमशाफ्टवरील स्वतंत्र कॅमने दाबला जातो आणि सुमारे २,००० बार दाब तिथेच तयार होतो. या कॅमना जागा करून देण्यासाठी व्हॉल्व्हचे कॅम अरुंद केलेले असतात आणि त्यांच्यावर जबर ताण येतो. म्हणून कंपनीने ५०५.०१ ही खास मान्यता ठेवली. ती नसलेले ५डब्ल्यू-४० तेल श्यानतेने जुळत असूनही त्यात कॅम व टॅपेट झिजू शकतात, आणि आवाज येऊ लागेपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असते. फोर्ड ट्रान्झिटच्या २.० लिटर इकोब्लू इंजिनात टायमिंग बेल्टच तेलात भिजत फिरतो; तिथे तेलाच्या रसायनांचा संबंध थेट बेल्टच्या रबराशी येतो.

मोटारहोमची निवड : युरोपात मोटारहोम बहुधा फिआट ड्युकाटो, फोर्ड ट्रान्झिट किंवा मर्सिडीज स्प्रिंटर या मालवाहू गाड्यांवर बांधतात आणि साध्या परवान्यावर चालवता यावी म्हणून तिचे वजन ३,५०० किग्रॅ. या मर्यादेत बसवतात. भारतात पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरवर अशा गाड्या बांधल्या जातात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यावर त्यांच्याकडे लक्ष वाढले. आल्प्समधील २,७५७ मीटर उंचीच्या स्टेल्व्हिओ खिंडीकडे किंवा आंबा घाटात अशी गाडी खालच्या गिअरमध्ये बराच वेळ चढत राहते, तेव्हा इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा काटा स्थिर दिसत असला तरी तेलाचे तापमान त्याच्या बरेच वर गेलेले असते. उत्पादकाने एकाहून अधिक ग्रेडना परवानगी दिली असेल, तर अशा वापरासाठी त्यांतले १५०° से.ला अधिक श्यान राहणारे तेल घ्यावे.

थंडीचा आकडा मात्र गाडी कुठे मुक्काम करणार त्यावर ठरवायचा असतो. नॉर्वेतील हिवाळ्यासाठी ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूला पर्याय नाही. लडाखमधील द्रासला हिवाळ्यात पारा −२०° से.च्या खाली उतरतो, तिथे १५डब्ल्यू तेल आपल्या मर्यादेला टेकते. महाराष्ट्रात मात्र कुठेही १५डब्ल्यूची मर्यादा जवळपाससुद्धा येत नाही, आणि सुमो, बोलेरो यांसारख्या जुन्या बनावटीच्या गाड्या त्याच तेलावर वर्षानुवर्षे चालल्या आहेत.

उन्हाळ्यात चंद्रपूर–नागपूरकडे पारा ४५° से.च्या पुढे गेला की एक ग्रेड अधिक घट्ट तेल घालण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. जुन्या इंजिनांच्या पुस्तिकांत हवेच्या तापमानानुसार ग्रेड देणारे तक्ते असत आणि त्यांत २०डब्ल्यू-५० लाही जागा असे, त्यामुळे हा सल्ला निराधार नाही. आजच्या इंजिनात मात्र थर्मोस्टॅट शीतक द्रव ९०° से.च्या आसपास राखतो, म्हणून बाहेरची हवा जितकी बदलते तितके चालत्या इंजिनातील तेल बदलत नाही. घट्ट तेलाने दाबाचा काटा वर चढतो आणि मालक निश्चिंत होतो. पण काटा प्रवाहाला होणारा अडथळाही दाखवतो, प्रवाह दाखवत नाही. काकवीसारखे जड तेल गार इंजिनात फिल्टरचा बायपास उघडून न गाळताच पुढे जाते, टर्बोला उशिरा मिळते आणि फिआटच्या १.३ लिटर मल्टिजेटसारख्या इंजिनात टायमिंग चेन ताणून धरणारा, तेलदाबावर चालणारा टेन्शनर भरायला वेळ घेते. तेल जाळणाऱ्या म्हाताऱ्या इंजिनात घट्ट तेलाने धूर व आवाज कमी होतो हे खरे, तरी त्याआधी व्हॉल्व्ह सील, रिंग आणि टर्बो तपासून घ्यावेत.

उभ्या राहणाऱ्या मोटारहोमचे तेल किलोमीटरवर न मोजता कालावधीवर बदलावे, आणि हंगाम संपताना, गाडी उभी करण्याआधी बदलावे, म्हणजे आम्ल व ओलावा साठलेले तेल महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसत नाही. अधूनमधून दहा मिनिटे इंजिन जागेवरच चालू ठेवण्याची सवय घातक आहे, कारण तेल पुरते तापत नाही आणि पाणी व डिझेल त्यात साठत जाते. पातळी तपासताना गाडी सपाट जमिनीवर हवी. झोपण्यासाठी चाकांखाली ठोकळे सरकवून ती समतल केलेली असली, तर आतला पलंग समतल झाला म्हणजे इंजिनही समतल झाले असे नसते. ठोकळ्यांवरून खाली उतरवून, इंजिन बंद केल्यावर तेल चेंबरमध्ये उतरू देऊन मगच गज पाहावा.