भिंतीवरून चौकटीत: नेपल्सच्या संग्रहालयातली रोमन चित्रं

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातली 'फ्लोरा', म्हणजे फुलांची रोमन देवी, जेमतेम 38 सेंटिमीटर उंच आहे. हिरव्या पार्श्वभूमीवर पाठमोरी, अनवाणी चालता चालता ती फूल खुडते. चौकटीत पाहिली की स्वतंत्र चित्र वाटते, पण तो स्ताबिया या, पाँपेई आणि हर्क्युलेनियमसारख्याच व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या गावातल्या एका व्हिलाच्या भिंतीचा कापलेला तुकडा आहे. 1759 साली त्याच खोलीतून डायना, लेडा आणि मेडिया या पुराणकथांतल्या स्त्रियांची चित्रंही काढली गेली.

भिंतीपासून सुटूनही ही चित्रं टिकली ती गिलाव्यामुळे. वाळू-चुन्याचे तीन थर आणि त्यावर संगमरवराच्या पुडीचे तीन, असं रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस सांगतो. पाँपेईच्या घरांत मात्र बहुधा त्याहून कमीच सापडतात. रंग ओल्या गिलाव्यावर चढे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्यात अडकतात. म्हणून वाळायच्या आत रंगवून होईल तेवढाच भाग लिंपायचा, तोही वरून खाली. तिरपा प्रकाश टाकला की त्याचे सांधे आजही दिसतात. हिंगुळाचा लाल रंग महाग आणि नाजूक. उजेडात तो काळवंडतो, म्हणून त्यावर मेणाचा हात देत.

नेपल्सचा बूर्बोन राजा चार्ल्स याच्या हुकमाने 1738 मध्ये हर्क्युलेनियमचं आणि 1748 मध्ये पाँपेईचं उत्खनन सुरू झालं. चित्राभोवती खाच पाडायची, लाकडी चौकट बसवायची, मागची भिंत तासून तुकडा सोडवायचा आणि पाठीला पाटीच्या दगडाचा आधार द्यायचा, अशी ही कापणी. निवड मात्र आकृत्यांची होई. सभोवतालची रंगीत भिंत तिथेच राही आणि पुढे झडून जाई. खरं नुकसान हेच. कोणतं चित्र कशासमोर होतं, हे त्यामुळे पुष्कळदा कळत नाही.

रंग उजळावेत म्हणून 1739 पासून मोरिकोनी नावाच्या माणसाने बनवलेलं वॉर्निश फासलं गेलं. ते पिवळं पडलं आणि सुटताना रंगाचे पापुद्रेही घेऊन गेलं. 1863 नंतर उत्खननाचा प्रमुख फिओरेल्ली याने चित्रं शक्यतो जागेवरच ठेवण्याचं धोरण धरलं.

अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर, कोरड्यात काढलेली. तंत्र पूर्ण वेगळं. तरी 1920 च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन जाणकारांनी त्यांवर लाखेचं वॉर्निश चढवलं. तेही पिवळं पडलं, आणि ते काढण्याचं किचकट काम पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांकडे आलं.